माशी न बसणारं दूध

धोरीवावच्या चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध दुधाची परात, आणि परातीवर एकही माशी नाही. गुजरातेत, बनासकांठ्यातल्या गुराढोरांच्या गावात हे म्हणजे नवलच की!

"माशीसारख्या क्षुद्र जिवालाही पावित्र्य कळतं," गावात उतरलेले भभूतगर बापू डोळे मिटून म्हणाले. "गाईच्या कासेला माझी राख चोळा. गोचीड पळेल, नजर उतरेल. मात्र कास धुवाल, तर पुण्य धुवाल."

घरोघरी राख गेली होती. वेजीबेन रबारीनंही काल गाईला चोळली. गोचीड गळाले, खोटं कशाला बोला? पण आज गोठा झाडताना सूपभर मेलेल्या माशा निघाल्या आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. पावित्र्य कळलेल्या माशा मरतात कशाला?

त्यात आज बीज, म्हणजे शुद्ध द्वितीया. बिजेला गुरं राखणारे रबारी दूध विकत नाहीत की घुसळत नाहीत. सगळ्या दुधाची खीर होते आणि गावची पोरं ती ओरपतात. तिची दोन वर्षांची नात जमकू वाटी घेऊन चुलीपाशी ठाण मांडून बसली होती. तिला बघून वेजीबेननं खिरीचं पातेलं उतरवलं. ती राखेची पुडी घेऊन तडक गुरांच्या डॉक्टर हेतलबेनकडे गेली.

वास येताच डॉक्टरीणबाईंनी पुडी लांब धरली. "वेजीमासी, यात कपाशीवर मारायची पावडर आहे. त्यानंच गोचीड मेले, माशाही मेल्या. हे विष कासेवरून चरवीत पडतं, कातड्यातून गाईच्या अंगात जातं आणि दुधात उतरतं."

"उकळलं तर?"

"दूध आटेल. विष जाईलच असं नाही."

दोघी चौकात आल्या. वेजीबेननं परातीतून वाटी भरून बापूंपुढे धरली.

"बापू, बिजेची पहिली वाटी पाहुण्याची. तो प्यायल्याशिवाय पोरांना थेंब मिळत नाही. घ्या."

बापूंनी हात आखडला. "आम्हाला दूध वर्ज्य आहे, बेटी."

"वर्ज्य?" सरपंचांची बायको लाखूबेन पुढे सरसावली. "काल माझ्याकडे चहावर चहा ढोसलात की. वर म्हणालात, गाईचं नको, शेळीचं घाल. ती मेली शेळी शोधत मी गावभर फिरले."

गर्दी खदखदून हसली. तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी दुकानातून तीच पावडर आणली, चुलीच्या राखेत कालवली आणि गुळाच्या खड्याभोवती पसरली. माशा आल्या, घुटमळल्या, गुळावर बसायच्या आधीच तडफडून पडल्या.

"आता मलाही बापू म्हणा," त्या म्हणाल्या. "गोचिडांचं औषध माझ्याकडून घ्या. त्यानंतर दूध किती दिवस टाकायचं, तेही विचारा. आणि आधी जाऊन कासा धुवा."

बापूंना एकाएकी ध्यानाची वेळ आठवली. त्यांच्या मोटरसायकलची किल्ली मात्र कोणी दिली नाही; पोलीस येईपर्यंत ती सरपंचांच्या कनवटीलाच राहिली.

बिजेला दूध सांडणं म्हणजे पाप. तरीही वेजीबेननं खड्डा खणला आणि पातेलं उपडं केलं. जमकू रिकामी वाटी आपटत भोकाड पसरून रडली. रडू दे, रडायला जिवंत आहे ना?

चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी एवढंच विचारा: हे घडतं कशानं? जे दूध माशीच्या जिवावर उठतं, ते पोराच्या वाटीत घालायचं नाही. एवढं कळायला कुठल्या बापूची गरज नाही.