डबल बेल

भूपेंद्रने पुण्याहून आणलेला गेमचा डबा मुर्री गावातल्या घरच्या टीव्हीला जोडला आणि पुष्पांजलीचं अभ्यासातलं लक्ष उडालं ते उडालंच. खेळ सरळ होता: शहरात गाडी हाणायची, दिसेल ते फोडायचं, ज्याची नासधूस जास्त तो जिंकला. पण रविवारी भाऊ परत निघणार आणि त्याच्यासोबत डबाही जाणार होता.

"बाबानं माह्यापेक्षा जास्त फोडलं, तं डबा तुले," भूपेंद्र हसत म्हणाला. हसेल नाही तर काय! बाबा गोपीचंद म्हणजे एसटीचे ड्रायव्हर, नुकतेच निवृत्त झालेले. सगळ्या नोकरीत कुत्र्यालाही धक्का लावला नव्हता. विनाअपघात सेवेचा बिल्ला देवघरात ठेवलेला.

भूपेंद्रने अर्धं शहर भुईसपाट केलं. मग बाबांनी रिमोट हातात घेतला.

"हॉर्न कुठं हाय? अन् इंडिकेटर?"

पुष्पांजलीने कपाळावर हात मारला. गाडी निघाली आणि पहिल्याच सिग्नलला थांबली.

"काऊन थांबले जी बाबा?"

"लाल दिवा दिसून नाही राहिला का तुले?"

भूपेंद्र हसून लोळायचा बाकी होता. पडद्यावरचा वेळ पळत होता. एकदम तिला आठवलं, लहानपणी बाबांच्या एसटीतून जवळच्या गोरेगावला जाताना कंडक्टरची डबल बेल वाजली की बाबा काही विचारत नसत, गाडी सोडत. तिने पितळी लोटा उचलला आणि त्यावर चमचा हाणला. टण टण!

बाबांचा अंगठा आपोआप दाबला गेला. सिग्नल आडवा! टण टण! खांब गेले, टपऱ्या गेल्या. जीभ दातात धरून बाबा ओरडत होते, "हट बे, हट बाजूले!" असे बाबा तिने जन्मात पाहिले नव्हते, आणि तिला ते भलतेच आवडले.

भूपेंद्रचा आकडा गाठायला थोडंच उरलं, तेवढ्यात समोर लाल बस. बाबांनी डोळे गच्च मिटून असा कट मारला की गाडी बसला चुकवून थेट शेजारच्या पेट्रोल पंपात. धडाम! बाबांचा आकडा कुठल्या कुठे गेला.

"डबा माहा!" पुष्पांजली नाचायलाच लागली.

बाबांनी मिटल्या डोळ्यांनीच विचारलं, "बसले तं काही नाही झालं ना वं?"

ती झटकन टीव्हीसमोर हात पसरून उभी राहिली. भूपेंद्रने तोंड उघडलं, पण तिच्या हातातला चमचा पाहून मिटलं.

"नाही जी बाबा. सुटली ना बस," ती म्हणाली. तिच्या पाठीमागे बस धडधडा जळत होती.