अर्धा कोयता, अख्खी सरपंच

लंकाबाई निवडून आल्या त्या दिवशी गुलाल पडला तो त्यांच्या नवऱ्याच्या, बिभीषणरावांच्या अंगावर. हारही त्यांच्याच गळ्यात. गावची पहिली महिला सरपंच म्हणून पाथर्डीच्या रस्त्याला भला मोठा फ्लेक्स लागला. त्यावर बिभीषणराव कानाला मोबाईल लावून उभे, आणि खालच्या कोपऱ्यात, आधार कार्डावरच्या फोटोतल्या लंकाबाई, कुणीतरी दम दिल्यासारख्या. तेव्हापासून गाव बिभीषणरावांना 'सरपंच' म्हणायचं आणि लंकाबाईंना 'सरपंचाची मंडळी'.

दीड वर्षात त्या ग्रामपंचायतीत चारदा गेल्या. त्यातल्या तीनदा झेंडावंदनाला. एरवी रजिस्टरच घरी यायचं. लंकाबाई भाकरी थापता थापता हात झटकून सही करायच्या, त्यामुळे गावाच्या एकूण एक ठरावाला बाजरीचं पीठ लागलेलं होतं.

यंदा मात्र एक ठराव त्यांना स्वतःला हवा होता. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जातं, पोरंही आईबापामागं फडात जातात. त्यांची जया मागच्या साली सहावीची सहामाही देऊन गेली, ती थेट सातवीच्या पुस्तकांपुढं येऊन बसली. शाळेतल्या निकिता मॅडम म्हणाल्या होत्या, "पंचायतीचा ठराव द्या, मी चौतीस पोरं शाळेतच ठेवते, दोन वेळच्या जेवणासकट." मीटिंग होती मंगळवारी. तोडीचा ट्रक निघणार होता रविवारी.

शनिवारी उपसरपंच बजरंग कोरे मंगळवारच्या मीटिंगचे कागद आधीच घेऊन आला. "वैनी, हितं, हितं आन् हितं सह्या करून ठिवा. मागं आमी हाव की."

"पोरांच्या वसतिगृहाचं?"

"घिऊ की ल्हिऊन सवडीनं."

बजरंगची सवड लंकाबाईंना ठाऊक होती. गावची पाइपलाइन त्यांच्या लग्नापासून त्या सवडीत पडून होती. पेन सापडत नाही म्हणून त्यांनी त्याला वाटेला लावलं. पेन ब्लाउजला खोचलेलं होतं.

रविवारी सकाळी ट्रक दारात आला. भांडी, गोधड्या, कोंबड्या, माणसं, सगळं वर चढलं; शाळेची पोरं तेवढी ठरावाच्या भरवशावर मागं ठेवलेली. लंकाबाई उंबऱ्यात उभ्याच.

"अगं, चल की," बिभीषणराव म्हणाले.

"मी न्हाई येत. मंगळवारी माझी मीटिंग हाय."

बिभीषणराव चारचौघांकडं बघून हसले. "आन् मोळ्या कोन बांधील?"

फडात नवराबायको मिळून एक कोयता धरतात. नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत नेते.

"तुमीच बांधा," लंकाबाई म्हणाल्या. "पंचायतीत माझं काम तुमीच करता की. दीड वर्षात एकदा बी कुरकुरला न्हाईत. तसंच फडात करा."

ट्रकात कुणाला तरी एकदम खोकला लागला. मुकादम गोरक्षनाथ खाली उतरला. "वैनी, अर्धा कोयता घिऊन मी काय करू? चालत न्हाई तसलं."

"मंग अर्धी सरपंच गावाला चालती व्हय, भावजी?"

गोरक्षनाथानं तीस वर्षांत आजारी कोयते पाहिले होते, भांडलेले, पळून गेलेलेही पाहिले होते. मीटिंग असलेला कोयता पहिल्यांदाच समोर आला होता. त्याला बाईमाणसाच्या हक्काबिक्काशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला कोयत्यांचा आकडा भरायचा होता. त्याची नजर पारावर बसलेल्या कल्याणवर गेली. कल्याणची मालन बारा दिवसांची बाळंतीण, म्हणून त्याचाही कोयता यंदा मोडलेला.

"कल्याण, चढ गाडीत. तू आन् सरपंच मिळून एक."

अशा रीतीनं गावात स्त्रीमुक्ती आली. मुकादमाच्या हिशेबातून आली, पण आली.

कल्याणचा तोडीचा हात अख्ख्या तालुक्यात नावाजलेला, तेव्हा तोडायचं त्यानंच, हे न बोलताच ठरलं. बिभीषणरावांच्या वाट्याला मोळ्या आल्या. लंकाबाईंनी आतून स्वतःची चुंबळ आणून त्यांच्या हातात दिली. "ही डोक्याला घ्या. वापरून मऊ झालीय."

मंगळवारी त्या बरोबर अकराला पंचायतीत जाऊन खुर्चीत बसल्या. लंकाबाईंसकट सात मेंबर, त्यातले तिघं तोडीला गेलेले. उरलेले तिघं आणि ग्रामसेवक भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होते. चर्चा दहा मिनिटांत उरकली. वसतिगृहाला सगळ्यांनी माना डोलावल्या, चहाही झाला, आणि बजरंगनं लिहिलेलं रजिस्टर पुढं सरकवलं.

"वैनी, सही."

लंकाबाईंची शाळा चौथीपर्यंत. त्यांनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. "आज... रोजी... ग्राम... पंचा..."

"आवो, समदं बरुबर हाय त्यात."

"आसंल की. मला हळूच वाचता येतं, भावजी." बोट खाली खाली सरकत गेलं. चार पानं होती, त्याला पाऊण तास लागला. मग त्यांनी पान उलटून मागं बघितलं. "पोरांचं कुठं हाय ह्याच्यात?"

"ते मागनं टाकू."

"आत्ताच टाका." लंकाबाईंनी रजिस्टर त्याच्याकडं सरकवलं आणि खुर्चीत नीट मांडी घातली. "न्हाईतर मी पुन्हा पहिल्यापासनं वाचते."

ग्रामसेवकाची एसटी सव्वा बाराची होती. त्यानं बजरंगच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि चौतीस पोरांचा ठराव स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहायला घेतला.