हलिनाचं सबस्टेशन

अंजलीचं अख्खं करिअर ट्रान्सफॉर्मर डिझाइन करण्यात गेलं होतं. गल्लीच्या कोपऱ्यावरचे नव्हेत. ज्यांतून एका शहराची वीज जाते ते, दुमजली घराएवढे. आधी ठाण्याच्या एका कारखान्यात, मग लग्नानंतर सिंगापूरला, बुओना व्हिस्टामधल्या एका सल्लागार कंपनीत. नवरा गोविंद आयटीत होता, मुलगी जाई शाळेत. क्लेमेंटीला त्यांचा फ्लॅट होता आणि आयुष्य तसं सुरळीत चाललं होतं.

युक्रेनचं युद्ध तिसऱ्या वर्षात गेलं तेव्हा तिच्या कंपनीकडे ते काम आलं. रशियाने युक्रेनमधली वीजकेंद्रं आणि सबस्टेशनं एकामागून एक उडवायला घेतली होती. ती पुन्हा उभी करण्यासाठी युक्रेनच्या मित्रदेशांनी एक समिती नेमली होती, आणि तिला युरोपाबाहेरचा, कुणाच्याच बाजूचा नसलेला तांत्रिक सल्लागार हवा होता. अंजलीचा बॉस सुबोध मूळचा पुण्याचा. त्याने हे काम तिच्याकडे दिलं. "शांत डोक्याने करायचं काम आहे," तो म्हणाला. "तूच बरी."

पहिली मीटिंग झाली तेव्हा पडद्यावर बरेच चेहरे आणि प्रत्येकाच्या मागे एकेक झेंडा होता. एकाच चौकटीत झेंडा नव्हता. तिथे पन्नाशीची एक बाई खोलीतच कोट घालून, लोकरीची टोपी कानांवर ओढून बसली होती. ती हलिना. युक्रेनच्या पूर्वेकडच्या एका शहराच्या सबस्टेशनची मुख्य इंजिनियर. तिचा मोठा ट्रान्सफॉर्मर मार्चमध्ये जळून गेला होता.

एका देशाच्या प्रतिनिधीने उत्साहाने जाहीर केलं की त्यांच्याकडचा एक चालू स्थितीतला ट्रान्सफॉर्मर ते हलिनाच्या शहराला भेट देत आहेत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हलिनाने आभार मानले.

"फक्त एक अडचण आहे," ती म्हणाली. "तो चारशे किलोव्होल्टचा आहे. आमची लाइन तीनशे तीसची आहे. सोव्हिएत काळापासून."

प्रतिनिधी थोडा गडबडला. "काही फेरफार करून बसवता येईल ना?"

प्रश्न अंजलीकडे आला. "नाही," ती म्हणाली. "नाही बसणार."

तो ट्रान्सफॉर्मर तरीही गेला. बातमी आधीच छापून आली होती. तो हलिनाच्या आवारात उतरवला गेला आणि तिथेच ताडपत्रीखाली पडून राहिला. मीटिंगच्या दिवशीच संध्याकाळी अंजलीच्या फोनवर हलिनाचा मेसेज आला. 'तुम्ही नाही म्हणालात. आभारी आहे. मला इथे कुणी नाही म्हणतच नाही.'

तिथून ओळख वाढली. हलिनाची दुपार म्हणजे अंजलीची घरी जायची वेळ. बसस्टॉपवर उभी असताना फोन यायचा. इंग्रजीत तू आणि तुम्ही वेगळे नसतात, पण अंजलीच्या मनात हलिना लवकरच 'तू' झाली. तिचा नवरा युद्धाच्या आधीच वारला होता. म्हातारी आई नवव्या मजल्यावर एकटी राहायची, आणि वीज गेली की लिफ्ट बंद. हलिनाने शहराचे भाग पाडले होते. एकाला वीज द्यायची तर दुसऱ्याची तोडायची, हे रोज तिलाच ठरवावं लागे. इस्पितळं आणि पाण्याचे पंप सोडून उरलेलं सगळं आळीपाळीने.

"आमच्याकडे याला लोडशेडिंग म्हणतात," अंजली म्हणाली. "सांगलीला असताना माझ्या बारावीचा निम्मा अभ्यास मेणबत्तीवर झालाय."

"तुमच्यावर कोण बॉम्ब टाकत होतं?"

"कुणीच नाही. तशीच जायची."

हलिना त्यावर बराच वेळ हसत होती. तिला असं हसताना अंजलीने नंतर फारसं ऐकलं नाही.

तीनशे तीसचा ट्रान्सफॉर्मर तयार कुठेच मिळत नव्हता, नवाच बनवावा लागणार होता. अंजलीने डिझाइन झटपट पुरं केलं. दक्षिण कोरियातला एक कारखाना तयार झाला. पण समितीची मंजुरी काही येईना. एका देशाला काम आपल्याच कारखान्याला मिळायला हवं होतं. दुसऱ्या देशात निवडणूक होती. ती झाली, सरकार बदललं, आणि नव्या सरकारने सगळी मदत फेरविचारासाठी थांबवली. मीटिंगा मात्र नेमाने होत होत्या. प्रत्येक मीटिंगच्या सुरुवातीला कुणीतरी म्हणायचं, कितीही काळ लागला तरी आम्ही तुमच्या सोबत आहोत.

"काळ किती लागणार हे यांच्याच हातात आहे," हलिना नंतर फोनवर म्हणायची. तिच्या आवाजात राग नसायचा. हवामानाबद्दल बोलावं तशी ती मित्रदेशांबद्दल बोलायची.

मंजुरी अखेर आली, कारखान्यात काम सुरू झालं. पुढच्याच मीटिंगमध्ये अंजलीने, विषयपत्रिकेवर नसताना, एक गोष्ट विचारली. "हा बसवल्यावर याचं हवाई हल्ल्यांपासून संरक्षण कोण करणार आहे?"

अध्यक्ष सौम्य माणूस होता. "संरक्षण हा या समितीच्या कक्षेतला विषय नाही."

"मग कुणाच्या कक्षेतला आहे?"

"त्यासाठी वेगळी समिती आहे."

"त्यांना या ट्रान्सफॉर्मरबद्दल माहीत आहे का?"

"तुमच्या प्रश्नाची नोंद घेतली आहे," अध्यक्ष म्हणाला आणि पुढच्या विषयाकडे वळला.

सुबोध तिला खाली हॉकर सेंटरमधल्या टपरीवर कॉफी प्यायला घेऊन गेला. "अंजली, आपण सल्लागार आहोत. ट्रान्सफॉर्मरपुरतं बोलायचं."

"मी ट्रान्सफॉर्मरबद्दलच विचारलं."

"तुला कळतंय मी काय म्हणतोय ते."

तिला कळत होतं. तिने कॉफी संपवली आणि वर गेली.

पुढच्या शरद ऋतूत ट्रान्सफॉर्मर जहाजावर चढला. कोरियाहून युरोपला जाणारं जहाज सिंगापूरवरूनच जाणार होतं. इथे तेल भरायला ते दिवसभर थांबणार असल्याचं कळलं तेव्हा हलिना म्हणाली, "माझ्यासाठी एकदा बघून ये."

रविवार होता. अंजली, गोविंद आणि जाई ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर गेले. समुद्रात क्षितिजापर्यंत जहाजंच जहाजं नांगर टाकून उभी होती, सगळी सारखीच करडी. गोविंदने फोनवर नकाशा काढून बराच खटाटोप केला. "ते असावं," तो एकाकडे बोट दाखवत म्हणाला. "नाहीतर त्याच्या मागचं."

"आई, जस्ट टेल हर यू सॉ इट, लाह," जाई तिच्या सिंगापुरी ढंगात म्हणाली.

अंजलीने फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, बघितला. हलिनाचं उत्तर लगेच आलं. 'मोठा दिसतोय का?' अंजलीने लिहिलं, 'खूप.' त्या दिवशी तिघं किनाऱ्यावरच जेवली. अंजलीला कित्येक महिन्यांनी हलकं वाटत होतं.

ट्रान्सफॉर्मर युरोपात उतरला, रेल्वेने युक्रेनच्या सीमेवर पोचला, आणि तिथे नवा पेच उभा राहिला. हलिनाच्या सबस्टेशनवर त्याच्याभोवती काँक्रीटचं कवच बांधायचं ठरलं होतं. सिमेंट एका देशाने दिलं होतं, ते आलं होतं. पोलाद दुसरा देश देणार होता, ते सीमेवरच्या ट्रकवाल्यांच्या संपात अडकलं होतं. भिंती अर्ध्यापर्यंत आल्या होत्या, वर छप्पर नव्हतं. आता बसवायचा, की कवच पुरं होईपर्यंत सीमेपलीकडे सुरक्षित ठेवायचा? समितीने तांत्रिक सल्लागाराचं मत मागवलं.

अंजलीने आधी हलिनाला फोन केला. "तुला काय वाटतं?"

"मला विचारू नकोस. माझी आई नवव्या मजल्यावर आहे, पाणी बादल्यांनी वर नेतेय मी. मी काय सरळ विचार करणार? तू सांग."

"बसवला तर रशियन तो बघतील आणि उडवतील."

"हो."

"नाही बसवला तर?"

"नाही बसवला तर पारा शून्याच्या खाली गेलाय आणि पाणी गोठून नळ फुटायला लागलेत."

रात्रीच्या जेवणात अंजलीचं लक्ष नव्हतं. गोविंदने दोनदा विचारल्यावर तिने सांगितलं.

"तू तटस्थ सल्लागार आहेस ना? सांग की हे आम्ही ठरवू शकत नाही म्हणून."

"सगळे तेच सांगतायत रे. मीही तेच सांगितलं तर तो तिथेच पडून राहील."

दुसऱ्या दिवशी तिने समितीला सांगितलं की बसवा. तसं ठरलं.

हलिनाच्या माणसांनी थंडीत राबून तो उभा केला. चालू केला तेव्हा हलिनाने फोन त्याच्याजवळ धरला. खोल, एकसुरी घुमणं ऐकू आलं. अंजलीने स्पीकर लावून जाईला बोलावलं.

"साउंड्स लाइक अवर फ्रिज," जाई म्हणाली.

हलिनाने ते ऐकलं. "सांग तिला, हो. आज शहरातले सगळे फ्रिज चालू आहेत."

हलिनाची आई लिफ्टने खाली येऊन बाकावर बसली होती, तिचा फोटोही हलिनाने पाठवला. काळा कोट, हातात काठी, चेहऱ्यावर कसलेही भाव नाहीत. नुसतीच कॅमेऱ्याकडे बघतेय.

नाताळ जवळ आला तेव्हा ते झालं. अंजलीला ऑफिसात बातम्यांमधूनच कळलं. आधी ड्रोनांचा थवा आला. शहराजवळच्या हवाई संरक्षणाच्या तुकडीने त्यातले बरेचसे पाडले आणि त्यातच त्यांची क्षेपणास्त्रं संपली. नवी देण्याचं मित्रदेशांनी उन्हाळ्यातच जाहीर केलं होतं, ती अजून वाटेत होती. त्यानंतर जे आलं त्याला अडवायला काही नव्हतं. ट्रान्सफॉर्मर तेलासकट पेटला. पाळीवरचे दोन ऑपरेटर गेले. त्यातल्या एकाने हलिनाने पाठवलेल्या व्हिडिओत, ट्रान्सफॉर्मर उभारताना, हसत हसत हात केला होता. अंजलीला त्याचा चेहरा आठवत होता, नाव माहीत नव्हतं.

समितीची तातडीची मीटिंग झाली. प्रत्येक प्रतिनिधीने तीव्र शब्दांत निषेध केला. प्रत्येकाचं बोलणं संपेपर्यंत बाकीचे मान खाली घालून बसले होते. ती माणसं खोटी नव्हती. एका बाईच्या डोळ्यांत पाणी होतं. मग अध्यक्ष म्हणाला की योजनेचा पहिला टप्पा इथे संपतो, दुसऱ्या टप्प्याचा विचार वसंतात होईल.

अंजलीने माइक चालू केला. "बसवा म्हणून मी सांगितलं होतं."

"कुणीही तुम्हाला दोष देत नाही," अध्यक्ष म्हणाला. "सगळं ठरलेल्या पद्धतीनेच झालं."

हलिनाच्या चौकटीत कॅमेरा बंद होता.

आठवडाभर तिने फोन उचलला नाही. उचलला तेव्हा मागे जनरेटरचा आवाज येत होता. अंजलीने काय बोलायचं ते मनात ठरवून ठेवलं होतं.

"तो चालू होता तेवढे दिवस तरी घरोघरी वीज होती. लोकांना उबेत..."

"हे नको," हलिना म्हणाली. "तू नको म्हणूस हे. हे मला ते सगळे सांगतात."

अंजलीने ठरवलेलं बाकीचं बोलणं सोडून दिलं.

"आई कशा आहेत?" तिने विचारलं.

"वरच आहे. हल्ला झाला त्या दिवशी खाली आली होती, पुन्हा चढून जाताना तिला दोन तास लागले. आता ती खाली येणार नाही म्हणते. कधीच."

जानेवारीत सुबोधने अंजलीला केबिनमध्ये बोलावलं. समितीचं काम थांबलं होतं, वसंताचं काही खरं दिसत नव्हतं. पलीकडे मलेशियात, जोहोरला एक मोठं डेटा सेंटर उभं राहत होतं, त्याच्या ट्रान्सफॉर्मरचं काम तिने घ्यावं असं त्याचं म्हणणं होतं.

"किती लोड आहे?" तिने विचारलं.

त्याने आकडा सांगितला. हलिनाच्या अख्ख्या शहराला लागते जवळपास तेवढीच वीज. अंजलीने मान डोलावली.

"चार दिवस रजा घेतेस का?" सुबोध म्हणाला. "तू खूप मनाला लावून घेतलंस."

"नको. रजा घेऊन काय करू?"

त्यानंतर हलिनाचे फोन कमी झाले. भांडण नव्हतं, बोलण्यासारखं उरलं नव्हतं. फेब्रुवारीत एका संध्याकाळी फोन आला तेव्हा अंजली अजून ऑफिसातच होती. हलिनाचा आवाज बसला होता.

"एक विचारायचं होतं. दुसरा बनवायचा म्हटलं तर किती दिवस?"

"डिझाइन तयार आहे. पण कारखाने भरलेले आहेत, सगळं जग ट्रान्सफॉर्मर मागतंय. आज ऑर्डर दिली तर पुढचा हिवाळा गेल्यावर."

"आणि ऑर्डर दिली आहे का कुणी?"

"नाही."

"कुणी देणार आहे, असं ऐकलंस?"

अंजलीला वाटलं, काहीतरी सांगावं. वसंतात बैठक आहे, सरकारं बदलतात, असं काहीतरी. पण या बाईने पहिल्यांदा आभार मानले होते ते खरं सांगितल्याबद्दल.

"नाही," ती म्हणाली.

"बरं." हलिनाने खोकून घसा साफ केला. "मला जायला हवं. पश्चिमेचा भाग बंद करून पूर्वेचा चालू करायचाय."

फोन ठेवायला ती बहुधा विसरली. अंजलीला तिचा आवाज ऐकू येत होता. ती कुणाला तरी तिच्या भाषेत एकेक आकडा सांगत होती, पलीकडचा माणूस तो परत म्हणत होता. मग मागची जनरेटरची घरघर थांबली आणि लाइन गेली.

अंजलीने परत लावून पाहिला, लागला नाही. तिने गोविंदला उशीर होईल म्हणून कळवलं, डेटा सेंटरचं ड्रॉइंग उघडलं आणि तपासायला बसली.