जावयाने बसवलेला दरवाजा

मी दरवाजा आहे, पण मला ढकलायला जाऊ नका, बोट काचेवर आपटेल. दोन रिकाम्या चौकटी आणि खाली एक निळं बटण, एवढाच माझा देह. वरच्या चौकटीत नाव टाका, खालच्या चौकटीत पासवर्ड टाका, बटण दाबा. मी बाजूला सरकतो. लोक मला लॉगिन म्हणतात. मी लोकांना काय म्हणतो ते छापण्यासारखं नाही.

तुम्हाला वाटेल, हा पहिल्याच वाक्यापासून नाक का मुरडतोय? अहो, दिवसभर ज्याच्या तोंडावर कुणी तेलकट बोट टेकवतं, कुणी जिभेला लावून ओलं केलेलं, त्याने आणखी काय मुरडावं? आणि लोकांचे पासवर्ड! निम्म्या लोकांचा पासवर्ड एकपासून सहापर्यंतचे आकडे. उरलेल्यांचा स्वतःचंच नाव. एका गृहस्थांनी सासूच्या नावापुढे शिवी जोडून पासवर्ड केला. मग तो विसरले आणि भर दुकानात बायकोला ओरडून विचारलं, "अगं, तुझ्या आईला मी काय म्हणतो?" बायकोने तितक्याच मोठ्याने सांगितलं. बरोबर निघाला!

मी ज्या दुकानाचा दरवाजा आहे ते दुकान कपडे शिवण्याचं. मालकीण म्हणजे मावशी. सगळं गाव तिला मावशीच म्हणतं, तिच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा. कोट, झगे, गणवेश, काहीही सांगा, मावशी बेतून देते. गिऱ्हाइकांची मापं ती कागदाच्या चिठ्ठीवर लिहून कापडाला टाचायची. मग तिच्या लेकीच्या डोक्यात आलं की सगळं संकेतस्थळावर टाकावं. गिऱ्हाइकाने घरबसल्या आपलं माप बघावं, कपडा कुठवर आलाय ते बघावं.

"पण दरवाजा हवा हं," लेक नवऱ्याला म्हणाली. "नाहीतर कुणीही उठून कुणाचंही माप बघेल."

नवरा, म्हणजे मावशीचा जावई, एका मोठ्या ऑफिसात जावास्क्रिप्ट लिहून पोट भरतो. ही अशी संकेतस्थळं त्याच भाषेत चालतात. "दरवाजा ना? एका दुपारचं काम आहे," तो म्हणाला. झालंही तसंच. रविवारी सासुरवाडीला भरपेट जेवला, कमरेचा पट्टा सैल केला, दुकानाच्या मागच्या खोलीत कापडाच्या गठ्ठ्यावर रेलला आणि जांभया देत देत त्याने मला जन्माला घातलं. जन्माला कसलं, कुठूनतरी आयता उचलून आणला! मी मुळात एका व्यायामशाळेसाठी बेतलेला होतो. त्यामुळे सुरुवातीचे काही दिवस कुणी आत आलं की माझ्या तोंडून निघायचं, "वजन घटवण्यासाठी शुभेच्छा!" एका ढेरपोट्या वकिलाला ते इतकं लागलं की तो शिवलेली पँट न्यायला महिनाभर फिरकलाच नाही. आला तेव्हा ती त्याला सैल होत होती.

तेवढं वाक्य जावयाने पुसलं. माझं खरं व्यंग तसंच राहिलं.

ते असं. माझ्यामागे प्रत्येक गिऱ्हाइकाची एक खोली. प्रत्येक खोलीला स्वतःचा पत्ता, आणि पत्त्याच्या शेवटी गिऱ्हाइकाचा आकडा. मी अंगणात उभा राहून पासवर्ड विचारायचो आणि ज्याला त्याला आपापल्या खोलीकडे पाठवायचो. पण खोलीच्या तोंडाशी कुणीच नव्हतं. वर पत्ता दिसतो त्या पट्टीत आपला आकडा पुसून शेजारचा टाकला की शेजाऱ्याची खोली सताड उघडी. मला विचारण्याचं कारणच नाही! सगळी मापं जिथे साठवलेली असतात ते दूरचं यंत्र, म्हणजे सर्व्हर, मागेल त्याला मागेल ते वाढत सुटायचा. 'तू कोण रे बाबा?' हे विचारायचं त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

आणि हे जावयाला ठाऊक नव्हतं असं नाही. माझ्या पोटात त्याने स्वतःसाठी एक ओळ लिहून ठेवली होती: 'खोल्यांची तपासणी नंतर बघू.' किळस येते मला त्या ओळीची. ऑफिसात असलं काम त्याने केलं नसतं, तिथे त्याचं काम आणखी चार जण उलटंपालटं करून बघतात. इथे काय, घरचंच काम! आणि इथे त्याला विचारणार कोण? जावयाचा दोष काढायचा नाही हा त्या घराचा कायदा. त्याने एकदा रिळांसाठी फळी ठोकली. ती इतकी तिरकी बसली की रिळं घरंगळून रस्त्यावर जायची. तर मावशी म्हणाली, "हल्लीची रिळंच मेली जास्त गोल येतात."

आता एका खोलीबद्दल सांगायला हवं. ती खोली शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंची. बाईंचं मोठं ऑपरेशन झालं होतं, डाव्या छातीचं. सुट्टीत गेल्या, सुट्टीत परत आल्या, शाळेत कुणाला पत्ता लागू दिला नाही. शाळेची समिती आधीच त्यांच्या मागे लागली होती, 'आता विश्रांती घ्या, दगदग होते' म्हणून. हे कळलं असतं तर हार घालून घरीच बसवलं असतं. म्हणून त्यांनी फक्त मावशीला सांगितलं. मावशीने त्यांच्या खोलीत मापाखाली लिहून ठेवलं, 'डावीकडे आतून भर घालणे, वरून दिसता कामा नये.' बाईंनी तिला एवढंच म्हटलं होतं, "मावशी, माझी नोकरी तुमच्या सुईत अडकलीय."

आणि ती नोकरी राखायला मी! व्यायामशाळेचा उरलासुरला!

पुढची गोष्ट घडवली दाताच्या डॉक्टरने. तसला गलिच्छ माणूस मी पाहिला नाही. दुसऱ्याच्या तोंडात घातलेला हातमोजा न काढताच मोबाइलवर माझं बटण दाबायचा. लाळेसकट! एकदा त्याने सहज आपला आकडा बदलून पाहिला. उघडलं. मग त्याला चटकच लागली. एकेक आकडा पुढे सरकायचा, आणि दवाखान्यात आ वासून पडलेल्या माणसांना ऐकवायचा, "पोस्टमास्तरांची कंबर कळली का तुम्हाला?" ते बिचारे काय बोलणार, तोंडात नळी!

एके सकाळी हा कोटाच्या ट्रायलला दुकानात आला. मी गल्ल्यावरच्या कॉम्प्युटरवर उघडाच होतो. मावशीने त्याच्या अंगावर अर्धा शिवलेला कोट चढवला आणि टाचण्या लावायला घेतल्या.

"मावशी, वकीलसाहेब पुन्हा फुगलेत हं," तो हसून म्हणाला. "छातीपेक्षा पोट जास्त!"

मावशीचा हात थांबला. "तुम्हाला हो कसं ठाऊक?"

"अहो, तुमच्याच कृपेने! वर आकडा बदलायचा की झालं. मजा असते. वकिलापर्यंत आलोय."

"आणि पुढे?"

"पुढचे बघू फावल्या वेळात. कोण आहे हो पुढे?"

पुढे बाई होत्या. मावशीला ते पाठ होतं, मलाही. तिने एक टाचणी घेतली, मग दुसरी, मग तिसरी. काखेत, मानेशी, बरगडीवर. डॉक्टरचा पार साळिंदर करून टाकला, फक्त काटे आतल्या बाजूला.

"हलू नका हं डॉक्टर," ती गोड आवाजात म्हणाली. "श्वाससुद्धा बेताने घ्या. मी आलेच."

मागच्या खोलीत लेक काजे करत होती आणि जावई चहा पीत होता. मावशी दारात उभी राहिली. "जावईबापू, एक विचारू का? रागावणार नाही ना? ते आकडा बदलून दुसऱ्याचं माप दिसतं म्हणे."

जावयाने बशीत बघितलं. "हां... ते आहे जरा. पण आई, असं मुद्दाम कोण करतं?"

"एक जण बाहेर टाचून ठेवलाय."

"बरं, मग शनिवारी बघतो. या आठवड्यात ऑफिसचं फार आहे."

लेकीने सुई खाली ठेवली. "ऑफिसात असं केलं असतंस तर शनिवारची वाट बघितली असती का रे त्यांनी?"

"अगं, घरचंच आहे—"

"घरचं आहे म्हणूनच सांगते," मावशी बोलली, आणि तिचा आवाज ऐकून मीसुद्धा दचकलो. "उठा. आत्ता बंद करा सगळं. ऑर्डरी थांबल्या तरी चालतील. तुम्ही जेवलात, झोपलात, आणि माझ्या गिऱ्हाइकांना उघडं पाडलंत. ती फळीसुद्धा तिरकी आहे! लग्नापासून बोलले नव्हते, आता बोलले."

जावई कानापर्यंत लाल झाला. पण उठला. त्याने मला आणि मागच्या सगळ्या खोल्यांना तिथल्या तिथे बंद केलं. बाहेर डॉक्टर 'मावशी, अहो मावशी' असं श्वास न घेता ओरडत होता.

मग जावयाने मला उसवलं, आणि या वेळी पट्टा घट्ट बांधून बसला. आता मी आत सोडताना प्रत्येकाला एक बिल्ला देतो. प्रत्येक खोलीशी सर्व्हर तो बिल्ला बघतो, आकड्याशी पडताळतो, जुळला नाही तर हाकलून देतो. पासवर्डसुद्धा असे कुटून ठेवलेत की खुद्द जावयालाही वाचता येऊ नयेत. कोण आलं, कुठल्या खोलीशी गेलं, सगळ्याची नोंद होते. थोडक्यात, जे पहिल्या दुपारी करायला हवं होतं ते.

लेकीचं म्हणणं होतं, झालं ते झालं, बाईंना कशाला सांगायचं? मावशीने ऐकलं नाही. बाई नव्या कोटाच्या ट्रायलला आल्या तेव्हा तिने त्यांना स्टुलावर बसवलं आणि सगळं सांगितलं. जावई बाजूला उभा होता.

बाईंनी एकच विचारलं, "माझं कुणी पाहिलं?"

मावशीने जावयाकडे बघितलं.

"माहीत नाही, बाई," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणतात, नाही पाहिलं. इतरांचं... तेव्हा नोंदच ठेवत नव्हतो मी."

मला विचारू नका. जे गेले असतील ते मला वळसा घालून गेले. मी अंगणात उभा राहून सासूच्या शिव्या तपासत होतो.

बाईंनी टेपाचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाल्या, "माझं माप त्यातून काढून टाका. दर वेळी नव्याने घ्या."

"बाई, आता पक्कं केलंय हो त्यांनी," मावशी म्हणाली.

"केलं असेल." बाई उठल्या. "परवा शाळेच्या समारंभात बोलायला उभी होते. पहिल्या रांगेत समितीतलं कुणीतरी शेजाऱ्याच्या कानाला लागलं आणि दोघं माझ्याकडे बघायला लागले. आजवर असं झालं की मला वाटायचं, भाषण लांबलं. आता काय वाटेल सांगा मला."

मावशीने पडदा ओढला आणि त्यांचं माप पहिल्यापासून घ्यायला लागली.

बाई अजून शाळेत जातात. कोट झकास बसतो. समितीने अजून तरी काही विचारलेलं नाही. माझं म्हणाल तर मी आता इतका पक्का झालोय की गिऱ्हाइकं मला शिव्या घालतात. पासवर्ड लांब मागतो, सासूचं नाव चालवून घेत नाही. खुशाल घाला शिव्या. एवढंच मागतो, आत गेलात की आपल्या खोलीत जा, आपलं माप बघा आणि या.

बाईंचा आकडा मी दुसऱ्या कुणाला दिलेला नाही. नवं गिऱ्हाईक आलं की तो सोडून पुढचा देतो. ती खोली आता रिकामी आहे, एक टाकासुद्धा सापडायचा नाही. तरी हौस असेल तर आपला आकडा पुसून तो टाकून बघा. आता मी नावं लिहून ठेवतो.