बुकित सेराईचा वळसा

चैत्राली कागद घेऊन टेबलाशी आली तेव्हा निशिकांत देवस्थळींना वाटलं, रजेचा अर्ज असेल. गेल्या दोन महिन्यांत तिने एक रविवार धड घेतला नव्हता.

"सर, हायवेच्या इतिहासाचा ड्राफ्ट झालाय. तुमची सही झाली की क्लायंटकडे जाईल," ती म्हणाली. "एकच गोष्ट अडलीय. चौदाव्या पानावर एक जुनी नोट आहे, पण प्रतीवर नाव नाही, कोणाची ते कळत नाही. दोन हजार दहाची. तुम्ही तेव्हा इथेच होतात ना?"

"बघतो," एवढंच ते म्हणाले.

निशिकांत रस्ते बांधणाऱ्यांना सल्ला देणाऱ्या एका कंपनीत भूगर्भतज्ज्ञ होते. डोंगर कुठे कापावा, कुठे त्याच्या वाटेला जाऊ नये, हे सांगायचं त्यांचं काम. शहराच्या अलेक्झांड्रा भागातल्या या ऑफिसात त्यांची एकवीस वर्षं गेली होती आणि निवृत्तीला सहा महिने उरले होते. चैत्रालीला पुण्याहून त्यांनीच निवडून आणलं होतं. ती क्वीन्सटाउनला खोली घेऊन राहायची आणि महिन्यातून एकदोनदा टॅम्पिनीसला त्यांच्या घरी, त्यांच्या बायकोच्या, नीताच्या हातचं जेवायला यायची.

खाडीपलीकडच्या मलेशियातला एक हायवे आता सहापदरी व्हायचा होता. अहवालाचं पहिलं प्रकरण त्याच्या मार्गाचं आणि इतिहासाचं. असली प्रकरणं कोणी वाचत नाही, पण चैत्रालीने जीव ओतून लिहिलं होतं. आधी मिरी वाहून नेणाऱ्या बैलगाड्यांची वाट. मग रबराच्या मळेवाल्यांनी खडी टाकून लॉऱ्या चालवल्या. स्वातंत्र्यानंतर डांबर आलं. शंभर वर्षांत रस्ता रुंद झाला, पूल बदलले, पण बुकित सेराई नावाच्या डोंगराशी आला की तो निमूटपणे दलदलीच्या बाजूने वळसा घालून पुढे जायचा. दोन हजार अकरात पहिल्यांदा डोंगर कापला. सात किलोमीटर वाचले.

चौदाव्या पानावर नोटेतल्या ओळी होत्या. उतारावरची माती पाणी धरते, पावसाळ्यात ती खाली येईल, जुना वळसाच ठेवावा.

निशिकांतांना त्या पुढे वाचाव्या लागल्या नाहीत. त्या त्यांनीच लिहिल्या होत्या.

तेव्हाच्या प्रमुखाने त्यांना बोलावून घेतलं होतं. माती तपासायला पाडलेल्या तीन बोअरहोलच्या जिवावर अख्खा रस्ता अडवणार का, असं त्याने विचारलं. आवाज चढवला नव्हता. तीन बोअरहोल कमीच होती, हे खरं होतं. निशिकांतांचा पीआरचा, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवान्याचा अर्ज गेलेला होता आणि त्यावर कंपनीचं पत्र लागणार होतं, हेही खरं होतं. त्यांचा मुलगा सारंग तेव्हा पहिलीत जायचा होता. त्यांनी दोन ओळींचं पत्र दिलं. माहिती अपुरी असल्याने आधीची नोट मागे घेत आहे.

चार वर्षांनी डिसेंबरात डोंगर कापलेल्या त्या कटिंगमध्ये दरड कोसळली आणि कारखान्याच्या कामगारांची व्हॅन खाली सापडली. पाच माणसं गेली. पाऊसच विलक्षण होता, असं चौकशीत निघालं. निशिकांतांनी ती बातमी टॅम्पिनीस स्टेशनवर फोनवर वाचली आणि आलेल्या गाडीत चढून ते कामाला गेले. घरी कधी बोलले नाहीत.

आता त्यांनी पेन घेतलं आणि परिच्छेदाशेजारी लिहिलं, 'संदर्भ अपुरा. काढावा.'

चैत्रालीने ते वाचून मान हलवली. "बरोबर आहे सर. म्हणून गुरुवारी मी तुआसच्या गोदामात जाते. जुन्या प्रोजेक्टची खोकी तिथे ठेवलीयत. नवा रस्ता त्याच कटिंगमधून जायचाय. नोट खरी निघाली तर आपल्याला सांगावं लागेल ना."

"हो," निशिकांत म्हणाले. "सांगावं लागेल."

गुरुवारी ते साडेसहालाच घराबाहेर पडले. टॅम्पिनीसहून तुआस म्हणजे बेटाच्या या टोकाहून त्या टोकाला, तासाभराच्या वर प्रवास. गोदाम सांभाळणाऱ्या मिस्टर कोह यांनी दार उघडून दिलं आणि ते स्वतः चहा प्यायला गेले. तिसऱ्याच खोक्यात दोन्ही कागद एकाला एक टाचलेले मिळाले. सही अजून ठळक होती. निशिकांतांनी ते घडी करून बॅगेत टाकले.

दहाला चैत्राली आली.

"तुम्ही कशाला आलात सर? पाठ धरलीय ना तुमची?"

"आलो. मदत होईल तुला."

ती तीन तास खोकी उपसत होती. धुळीने शिंका येत होत्या, नाक लाल झालं होतं. ते एकेक खोकं उघडून तिच्यापुढे सरकवत होते आणि ती प्रत्येक कागद उलटून बघत होती. तिसरं खोकंही तिने दोनदा पाहिलं. शेवटी ती जमिनीवर बसली.

"नसणार इथे. तुमचा दिवस फुकट घालवला मी, सॉरी. ते पान काढून टाकते."

परतताना ट्रेनमध्ये ती त्यांच्या खांद्याशी डुलक्या घेत होती. बॅग त्यांनी मांडीवर दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

घरी त्यांनी ते कागद जेवणाच्या टेबलावर नीतापुढे ठेवले. नीता बँकेत होती, असले कागद तिला वाचता यायचे. तिने चष्मा लावून दोन्ही वाचले. मग त्यांनी तिला व्हॅनचं सांगितलं. गोदामाचंही.

"मला तेव्हा का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर काय म्हणाली असतीस?"

नीताने चष्मा काढून ठेवला. "मागे घे म्हणाले असते," ती म्हणाली. "सारंगची शाळा होती. पण ते तेव्हाचं झालं. आज सकाळी तू जे केलंस ते मला विचारून केलं नाहीस. त्याचं काय करायचं तेही मला विचारू नकोस."

शुक्रवारी त्यांनी चैत्रालीला मीटिंग रूममध्ये बोलावलं आणि कागद समोर ठेवले. तिने सही पाहिली, मग पुन्हा वरपासून वाचलं.

"कुठे मिळाले?"

"तिसऱ्या खोक्यात."

"कधी?"

"काल. तू यायच्या आधी."

"मी तीन तास शोधत होते."

"हो."

"तुम्ही खोकी उघडून देत होतात मला."

ती कागद घेऊन उठली. "हे दोन्ही मी प्रकरणात घालतेय. नावासकट."

"घाल. तपासणीची सही मी करतो."

"नको. दुसऱ्या कोणाकडून घेईन."

प्रकरण तसंच गेलं. डायरेक्टर विक्रांतने निशिकांतांना बोलावून सौम्य शब्दांत सांगितलं की निवृत्तीपर्यंत घरीच थांबावं, निरोपसमारंभाचं नंतर बघू. क्लायंटने कटिंगचं काम थांबवून जुन्या वळशाचाही अभ्यास मागवला. चैत्रालीचं जेवायला येणं बंद झालं. नीताने दोनदा मेसेज केले, उत्तर आलं की काम खूप आहे.

दोन महिन्यांनी ऑफिसातून फोन आला. तिसऱ्या बोअरहोलचा नकाशा कुठेच सापडत नव्हता आणि ती जागा ठाऊक असलेला माणूस एकच होता. निशिकांत व्हिजिटरचा स्टिकर छातीला लावून वर गेले. चैत्रालीने डोंगराचा नकाशा टेबलावर पसरला. ती नीट, सावकाश विचारत होती, परक्या माणसाला विचारावं तसं. त्यांनी बोट ठेवलं, तिथे तिने खूण केली.

"पाणी किती खोलीवर लागलं होतं?"

"अवघ्या चार मीटरवर. एप्रिलमध्ये, पाऊस नसताना."

तिचं पेन क्षणभर थांबलं. मग तिने आकडा लिहिला.

व्हिजिटरला लिफ्टपर्यंत सोडायचा नियम होता, म्हणून ती बरोबर आली.

"वळसा घेतायत का मग?" त्यांनी विचारलं.

"ठरलेलं नाही. कटिंगला आधार देऊन भागेल, असंही काहीजण म्हणतायत."

"भागणार नाही."

"हे लेखी द्याल?"

"आज देतो."

लिफ्ट आली. ते आत शिरले. ती दाराशी उभी राहून काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाली, "नीताकाकूंना मी फोन करीन." त्यांनी मान हलवली आणि तळमजल्याचं बटण दाबलं.