ठोकळ्यांमधली फट

सकाळपासून ऑफिसात तिचा पाय एका जागी ठरत नव्हता. चहा घेतला, तो खिडकीत विसरला. दुसरा घेतला, तो जिन्यात. नवऱ्याने फोनवर विचारलं, "पुन्हा येरझाऱ्या?" तर त्याच्यावरच खेकसली. दूध संपलंय एवढंच सांगायला बिचाऱ्याने फोन केला होता.

दुपारी मामा नकाशावर सही करणार होते. मामा म्हणजे विभागप्रमुख. कुणाचेच सख्खे नव्हेत, पण रागवायचे सख्ख्यासारखे. आज त्यांचा नोकरीतला शेवटचा दिवस. सूर्यातल्यासारखी आग कोंडून वीज करणाऱ्या भट्टीपायी त्यांनी उभा जन्म घातला, आणि त्यांचा एकही नकाशा कारखान्यापर्यंत पोचला नव्हता. हा पहिला पोचणार होता. भट्टीला आतून पोलादी ठोकळ्यांचं अस्तर असतं, त्याला ब्लँकेट म्हणतात. त्याचा हा नकाशा. आगीची उष्णता ठोकळे झेलणार आणि त्यांच्या पोटातल्या नळ्यांतलं पाणी ती बाहेर नेणार. नळ्या तिने आखल्या होत्या.

तिथेच घोडं पेंड खात होतं. कडा फार तापू नयेत म्हणून तिने ठोकळ्यांच्या बाजूच्या भिंती जाड करून त्यांतही नळ्या घातल्या. दोन ठोकळ्यांमधली फट अरुंद झाली. तापून फुगलेलं पोलाद निवलं की आकसतं, म्हणून तेवढी फट पुरेशी वाटली. पण आगीतून सुटणाऱ्या न्यूट्रॉन कणांच्या माऱ्याने पोलाद वर्षानुवर्षं वेगळंच फुगत जातं आणि ते निवल्यावरही उतरत नाही. हे तिने धरलंच नव्हतं, आणि ते आठवलं काल अंघोळ करताना. ठोकळे बदलायची वेळ येईल तेव्हा ते दमट हवेत फुगलेल्या ड्रॉवरसारखे रुतून बसणार. आत माणूस जाऊ शकत नाही. यंत्राचा हात ओढत बसेल.

पण ते कधी? भट्टी बांधून, चालून, म्हातारी झाल्यावर. तोवर कोण विचारायला येतंय? गप्प बसावं, म्हाताऱ्याला सुखाने घरी जाऊ द्यावं, असं तिला शंभरदा वाटलं आणि दर वेळी स्वतःची लाज वाटली.

केक कापायच्या आधी तिने मामांना गाठलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

"उतरतच नाही?" मामांनी विचारलं.

"नाही उतरत."

सहीसाठी काढलेलं पेन खिशात घालून ते सगळ्यांसमोर गेले. "नकाशा आज जात नाही. एक फट चुकलीय. चूक माझी."

तिला ते ऐकवेना. "चूक माझी आहे," ती मोठ्याने म्हणाली.

"गप बस गं. तुला अजून इथे दिवस काढायचेत. मी काय, चाललोच आहे."

"म्हणूनच, मामा. जाताना माझी चूक घेऊन जाऊ नका."

मामांचा चेहरा पार उतरला होता, आणि तो सावरायला त्यांना बराच वेळ लागला. मग त्यांनी अंगातला नवा कोट काढला आणि तिच्या टेबलाशी खुर्ची ओढली.

"उभी काय राहिलीस? उघड नकाशा. संध्याकाळपर्यंत मी इथलाच आहे."