काल माझ्यावर एक मनगट मोडले

माझे कापड सगळीकडे सारखे झिजलेले नाही. एका टोकाला, कडेपासून वीतभर आत, दोन लहान फिकट ठसे आहेत. त्यांच्या पुढे एक रुंद पट्टा आहे. तिथला हिरवा रंग जाऊन आतले पांढरे सूत दिसते. मग थोडी जागा जवळजवळ नव्यासारखी आहे आणि तिच्यापुढे पुन्हा एक गोलसर झिजलेला भाग. ठसे तळहातांचे, पट्टा खांद्यांचा, गोल भाग बुडाचा. कोलांटी उडी मारताना मूल जिथे जिथे जोराने टेकते, तिथे तिथे मी झिजले आहे.

मित्रांनो, मी एका प्राथमिक शाळेतली खेळाची जुनी गादी आहे. झोपायची नव्हे, पडायची. इतक्या वर्षांत माझ्यावर असंख्य मुले पडली आणि सगळी उठून हसत पळाली. एवढीच माझी मिळकत होती. काल ती गेली. मी अजून सावरलेली नाही, म्हणून सांगताना काही मागेपुढे झाले तर समजून घ्या.

मला एका गादीवाल्याने शिवले. त्याने काथ्या पिंजून भरला, जाड कापडात दाबला आणि दाभणाने कडा शिवल्या. मग मला जमिनीवर टाकून तो स्वतःच माझ्यावर धाडकन पडला.

त्याची बायको दारातून म्हणाली, "अहो, गिऱ्हाईकाची वस्तू आहे, जरा बेतानं."

"पडून बघितल्याशिवाय देऊ का? लेकरं पडणार आहेत हिच्यावर." असे म्हणून तो पुन्हा पडला. मला वाटते, दुसऱ्यांदा तो नुसता मजेखातर पडला.

शाळेत मला खेळाच्या बाईंनी ताब्यात घेतले. बाई तेव्हा नव्या होत्या. पहिलीची मुले उड्या मारायला उतावीळ होऊन आली, की बाई त्यांना आधी पडायला शिकवत. हनुवटी छातीला, कोपर सैल, पाठ गोल.

"हात काठीसारखा ताठ ठेवायचा नाही. चेंडू व्हायचं. मांजर कसं पडतं, बघितलंय ना?"

"बाई, आमचं मांजर पडतच नाही."

"मग ते आधीच शिकलंय. चल, तुझी पाळी."

पडण्याचे आवाज दोन असतात. गोल होऊन पडलेल्या मुलाचा आवाज लांब आणि मऊ असतो. हात, खांदे, पाठ, बूड असे ते घरंगळणे असते. ताठ पडलेल्याचा आवाज आखूड असतो. सत्राच्या सुरुवातीला मला आखूड आवाज ऐकू येत आणि हळूहळू ते लांब होत जात. एकदा एक मुलगा ओल्या जिन्यावरून घसरला आणि गोल होत खालच्या पायरीपर्यंत आला. उठला, सांडलेला डबा गोळा केला आणि वर्गात गेला. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील बाईंचे आभार मानायला आले. ते गेल्यावर बाईंनी मला दोनदा थोपटले. माझ्या आयुष्यातले सगळ्यात मोठे कौतुक ते.

मग काय झाले, हे मला नीटसे कळलेच नाही. मोठे काही घडले नाही. गणिताचे सर एके दिवशी खेळाच्या खोलीच्या दारात आले आणि म्हणाले, "बाई, आजचा तास देता का? भाग राहिलाय." बाई म्हणाल्या, "घ्या." सर भले माणूस. दुसऱ्या दिवशी ते पेढ्यासारखा गोड चेहरा करून पुन्हा आले. मग भाषेच्या बाई आल्या. मग कुणी विचारायलाही येईना. वर्ग परस्परच जागेवर बसून राहू लागला. वेळापत्रकात खेळाचा तास होता आणि मुले फळ्यासमोर होती. माझ्यावर उत्तरपत्रिकांची खोकी चढली.

बाई त्याच खोलीत बसत आणि कार्यक्रमांसाठी कागदाच्या झालरी कापत. झाडू मारायला आलेल्या शिपाईमामांना त्या सांगत, "पुढच्या वर्षी मी स्पष्ट सांगणार आहे. तास देणार नाही."

"मागच्या वर्षीही पुढचंच वर्ष म्हणाला होतात, बाई," मामा केर भरता भरता म्हणत. बाई हसत, आणि कात्री पुन्हा चालू होई.

परवा मुख्याध्यापक घाईघाईने आले. तपासणीला पाहुणे येणार होते. "चौथीच्या मुलांकडून पाच मिनिटं काहीतरी करून घ्या. कोलांट्या उड्या छान दिसतात."

"सर, या मुलांचा सराव झालेला नाही."

"उडी मारायला सराव कसला, बाई? लहान मुलं दिवसभर उड्याच मारत असतात."

बाई काहीतरी बोलणार होत्या. तोंड उघडलेलेही मी पाहिले. पण त्या खोकी उचलू लागल्या.

काल मला सभागृहात पसरले. पहिला मुलगा आला, माझ्यावर हात टेकून वाकला आणि तसाच राहिला. पुढे काय करायचे, हे त्याच्या अंगाला ठाऊक नव्हते. शेवटी तो एका कुशीवर कलंडला. दुसरी मुलगी डोक्यावर जोर देऊन अडकली. तिसरा दारापासून माझ्यापर्यंत धावत आला, तेवढ्याने त्याला धाप लागली. मी चक्रावून गेले. नऊ वर्षांची, नीट खाऊनपिऊन असलेली ही मुले, आणि आपल्याला पाठ आहे हेच त्यांना कुणी सांगितले नव्हते.

मग मुंगी आली. मुंगी म्हणजे खेळाच्या बाईंची लेक. अंगाने बारीक म्हणून वर्गाने ठेवलेले नाव. शाळेत तिने आईला बाईच म्हणायचे, असा घरचा नियम. आपल्या आईचा कार्यक्रम फसतो आहे, हे तिला दिसत होते. ती लांबून पळत आली आणि उंच उडाली. हवेत असताना ती घाबरली आणि तिने उजवा हात पुढे ताठ केला.

आवाज आखूड आला.

मी दबले. माझ्यातला काथ्या जेवढा दबू शकतो तेवढी दबले. पण ताठ हातातून सगळा भार एका तळव्याएवढ्या जागेत उतरला आणि तिथे काहीतरी मोडल्याचे मला कळले. बाहेर कुणाला ऐकू गेले नसेल. मला आतून कळले.

मुंगी म्हणाली, "आई."

बाईंनी तिला उचलले आणि त्या गेल्या. पाहुण्यांनी पाण्याचे पेले खाली ठेवले. मी तिथेच पसरलेली राहिले. माझ्यावर पडून मूल मोडले, हा विचार माझ्यात शिरतच नव्हता.

मित्रांनो, मला ऊन दाखवा, माझे उसवलेले टाके घाला, असे मी आज मागणार नाही. तुम्ही पळा, चढा, लोळा, धडपडा. आपल्या अंगाशी ओळख ठेवा. गादी कितीही मऊ असली तरी पडणे तुमचे तुम्हालाच यावे लागते.

आज सकाळी मुख्याध्यापकांनी मला बुटाच्या टोकाने दाबून पाहिले. "कडक झालीय ही. मामा, आजच भंगारात द्या. आणि हे उड्यांचं प्रकरण आता बंद."

मामा मला उचलायला वाकले आणि तसेच थांबले. बाई दारात उभ्या होत्या. अंगावर कालचेच कपडे होते.

"मुलगी कशी आहे?" मुख्याध्यापकांबरोबर आलेल्या गणिताच्या सरांनी विचारले. त्यांना खरेच काळजी वाटत होती.

"प्लास्टर घातलंय. आजी आहे जवळ."

"होईल बरी, लहान हाडं लवकर सांधतात." सर जरा घुटमळले. "बाई, आज काही खेळ होणार नाहीच. तर चौथीचा तास मी घेऊ का? अपूर्णांक राहिलेत."

मला वाटले, मी चुकीचे ऐकले. मामांनीही मान वर केली.

बाईंनी पिशवी खाली ठेवली. त्या माझ्याजवळ गुडघ्यांवर बसल्या आणि दोन्ही तळहात त्या फिकट ठशांवर ठेवून त्यांनी जोर दिला. मी दबले आणि पुन्हा वर आले.

"गादी चांगली आहे, सर," त्या मुख्याध्यापकांना म्हणाल्या. "काल जी पडली, तिला मी कधी शिकवलंच नाही. चार वर्षं तिचे तास मी वाटत बसले." मग त्या गणिताच्या सरांकडे वळल्या. आवाज हळू होता, पण सभागृहात सगळीकडे ऐकू गेला.

"तास देणार नाही, सर. आजचा नाही आणि यापुढचा एकही नाही. चौथीला खाली पाठवा, मला त्यांना पडायला शिकवायचंय."